वारंवार फुटणारा घोळणा आणि नाकातील रक्तवाहिन्यांच्या गाठी

उन्हाळा सुरू झाला की घरोघरी एखाद्या तरी मुलाचा घोळणा फुटतो. मग कुणी त्याच्या डोक्यावर गार पाणी ओतते, कुणी कांदा फोडून नाकाशी धरते, तर कुणी 'अंगात उष्णता फार झाली' म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू करते. थोड्या वेळाने रक्त थांबते आणि उपायाला गुण आला असे सर्वांना वाटते. खरे तर असे रक्त बहुतेक वेळा आपोआपच थांबणारे असते. त्यामुळे घोळणा फुटला की घाबरून जाण्याचे कारण नाही.

परंतु काही मुलांचा घोळणा पुन्हा पुन्हा फुटतो, एकाच नाकपुडीतून फुटतो आणि तीच नाकपुडी महिनोन् महिने चोंदलेली असते. अशा वेळी 'उष्णता' या एका शब्दावर समाधान मानून चालत नाही. नाकात किंवा नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची गाठ तर वाढत नाही ना, हे पाहावे लागते. या गाठी कर्करोगाच्या नसतात. तरीही त्यांतील एक प्रकार वयात येणाऱ्या मुलग्यांच्या जिवावर बेतू शकतो, आणि तोच प्रकार वेळीच ओळखला तर मुलगा पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून आज या गाठींची माहिती करून घेऊ.

नाकातून रक्त कोठून येते?

आपण आत घेतो ती हवा गरम आणि ओलसर करून फुप्फुसांकडे पाठवणे हे नाकाचे काम आहे. त्यासाठी नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात चार-पाच लहान रोहिणी एकत्र येतात. अमेरिकेतील शल्यविशारद लिट्ल यांनी १८७९ मध्ये या जागेचे वर्णन केले, म्हणून तिला लिट्लचा भाग म्हणतात. नाकात बोट घालणे, कोरडी हवा, सर्दी, नाकावरचा मार यांनी याच जागेला इजा होते. शंभरातील सुमारे नव्वद घोळणे येथूनच फुटतात. हे रक्त पुढे येते आणि नाक दाबून धरले की थांबते.

नाकाच्या मागच्या टोकाला मात्र जबड्याकडून येणारी एक मोठी रोहिणी एका छोट्या छिद्रातून आत शिरते. तिच्या शाखांतून रक्त येऊ लागले की ते बरेचसे घशात उतरते. मूल ते गिळते आणि नंतर काळपट उलटी होते. हा रक्तस्राव नाक दाबून थांबेलच असे नाही.

नाकाभोवतीच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. गालाच्या हाडात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या अगदी मागे, मेंदूच्या तळाशी अशा त्यांच्या चार जोड्या आहेत. म्हणजे नाकाचे शेजारी कोण, तर डोळा, मेंदू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या. हे शेजार ध्यानात ठेवले तर पुढची सारी हकिकत समजणे सोपे जाते.

साधी गाठ म्हणजे निरुपद्रवी गाठ नव्हे

कर्करोगाची गाठ शेजारच्या पेशींत मुळे पसरवते आणि रक्तातून किंवा रसग्रंथींतून दूरच्या अवयवांत जाते. साधी गाठ असे करीत नाही. ती ज्या जागी उगवली तेथेच मोठी होते. पण पाठीवरच्या साध्या गाठीला वाढायला मोकळी जागा असते, नाकाच्या मागे ती नसते. तेथे वाढणारी गाठ हाड ढकलते, झिजवते आणि वाट मिळेल तिकडे शिरते.

नाकातील रक्तवाहिन्यांच्या गाठी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार : पडद्यावरची लाल गाठ. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागावर किंवा आतल्या मांसल उंचवट्याच्या टोकावर वाटाण्याएवढी, लालभडक, मऊ गाठ येते. ती काही आठवड्यांतच वाढते आणि जरा धक्का लागला की भळाभळा रक्त येते. जुन्या पुस्तकांत तिला पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हटले आहे. या नावावरून ती पुवाची असावी असे वाटते, पण तिच्यात पू नसतो. बारीक केशवाहिन्यांचे ते झुपके असतात. नाकात सतत बोट घालण्याची सवय आणि लहानसहान इजा हे तिचे एक कारण. गरोदरपणातील संप्रेरकांमुळेही ती येते. गाठ तिच्या बुडासह आणि भोवतालच्या थोड्या अस्तरासह काढून ती जागा डागली की काम भागते. बूड राहिले तर मात्र ती पुन्हा येते.

दुसरा प्रकार : मोठ्या पोकळ वाहिन्यांची गाठ. ही मध्यमवयीन माणसांत अधिक दिसते. ती नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर, गालाच्या सायनसमध्ये किंवा क्वचित हाडातच असते. हळूहळू वाढते, हाड पातळ करते आणि स्कॅनवर कधी कधी कर्करोगासारखी भासते. शस्त्रक्रियेने ती काढता येते आणि काढलेली गाठ तपासली की शंका मिटते.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. त्याचे नाव अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्या आणि तंतूंची मिळून झालेली गाठ. हे नाव १९४० मध्ये रूढ झाले.

वयात येणाऱ्या मुलग्यांची गाठ

ही गाठ दुर्मिळ आहे. डोके आणि मान या भागात होणाऱ्या सर्व गाठींत तिचे प्रमाण शेकडा एकहूनही कमी आहे. मात्र ती कुणाला होते हे जवळजवळ ठरलेले आहे. साधारण नऊ-दहा ते एकोणीस-वीस वर्षांच्या मुलग्यांनाच ती होते. एखाद्या मुलीच्या बाबतीत हे निदान झाले तर डॉक्टर ते पुन्हा तपासून घेतात, इतके हे पक्के आहे. वयात येताना मुलग्यांच्या अंगात वाढणाऱ्या पुरुषी संप्रेरकाशी तिचा संबंध असावा असे मानतात. आईवडिलांच्या किंवा मुलाच्या खाण्यापिण्याशी, खेळण्याशी वा उन्हात हिंडण्याशी तिचा काहीही संबंध नाही.

नाकाच्या मागच्या टोकाला रोहिणी जेथून आत शिरते असे वर सांगितले, त्या छिद्राजवळच ही गाठ उगवते. तेथून ती नाकात आणि घशाच्या वरच्या पोकळीत वाढते. पुढे ती गालाच्या मागच्या फटीत, जबड्याच्या आतल्या बाजूस, मागच्या सायनसमध्ये आणि त्याहून पुढे गेली तर डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूच्या तळापर्यंत पोहोचते.

तिचा खरा धोका मात्र रक्तस्रावाचा. एरवी रक्तवाहिनी कापली गेली की तिच्या भिंतीतील स्नायू आकसतात, तोंड लहान होते आणि रक्त थांबायला मदत होते. या गाठीतील वाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचा हा थर नसतो किंवा अपुरा असतो. त्यामुळे वाहिनी आकसत नाही आणि उघड्या नळासारखी वाहत राहते.

घरच्यांनी कशावरून ओळखावे?

सुरुवात अगदी साधी असते. आठवी-नववीतल्या मुलाची एक नाकपुडी बंद राहू लागते. घरचे म्हणतात सर्दी आहे, कुणी म्हणते नाकाचे हाड वाढले आहे. थेंब घातले, वाफ घेतली, तरी फरक पडत नाही. मुलगा तोंडाने श्वास घेऊ लागतो, रात्री घोरतो, आवाज नाक दाबून बोलल्यासारखा येतो. मग एके दिवशी न शिंकता, न लागता घोळणा फुटतो आणि फार रक्त जाते. थांबते, पण पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने पुन्हा फुटतो. मुलगा फिकट दिसू लागतो, जिना चढताना दमतो. हिमोग्लोबिन तपासले तर खाली गेलेले असते. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, पण रक्त जाते कोठून याचा शोध राहून जातो.

घशातून कानाकडे जाणारी नळी गाठीने दबली तर त्या बाजूचा कान जड होतो, ऐकू कमी येते. गाठ आणखी वाढली की एक गाल सुजलेला दिसतो, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात किंवा नजर कमी होते. ही लक्षणे दिसेपर्यंत थांबणे म्हणजे सोपी गोष्ट अवघड करून ठेवणे होय.

नाकात दिसणारी प्रत्येक गाठ हीच असते असे मुळीच नाही. ॲलर्जीमुळे नाकात येणारे कोंब बहुधा दोन्ही बाजूंना असतात, सोललेल्या द्राक्षासारखे फिकट दिसतात आणि त्यांतून सहसा रक्त येत नाही. लहान मुलांतील नाकामागच्या वाढलेल्या ग्रंथी दोन्ही नाकपुड्या चोंदवतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाणेरड्या वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, शेंगदाणा किंवा खोडरबराचा तुकडा अडकल्याचा संशय घ्यावा. तळ्यात किंवा डबक्यात पोहणाऱ्या, जनावरे धुणाऱ्या लोकांत नाकात लाल, पांढऱ्या ठिपक्यांची, तुतीच्या फळासारखी गाठ येते आणि तिच्यातूनही रक्त येते. तो ऱ्हायनोस्पोरिडिओसिस नावाचा संसर्ग आहे. भारत आणि श्रीलंका येथे तो बराच आढळतो आणि गाठ काढून तिचे बूड डागणे हा त्यावर उपाय आहे. चाळिशीनंतर एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल तर कर्करोग नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते.

तुकडा काढण्याची घाई नको

शरीरात कोठेही गाठ दिसली की तिचा लहान तुकडा काढून तपासायचा, हा वैद्यकातील नेहमीचा नियम आहे. या तपासणीला बायॉप्सी म्हणतात. अँजिओफायब्रोमा मात्र या नियमाला अपवाद आहे. बाह्यरुग्ण विभागात खुर्चीवर बसवून तिचा तुकडा काढला तर होणारा रक्तस्राव आवरणे कठीण जाते, प्रसंगी जीव धोक्यात येतो. म्हणून वयात येणारा मुलगा, एक नाकपुडी बंद आणि वारंवार रक्त ही तीन चिन्हे एकत्र दिसली की जाणता डॉक्टर तुकडा काढत नाही, आधी स्कॅन करतो. 'नाकातला कोंब आहे, दहा मिनिटांत ओढून काढतो' असे कुणी म्हणाले तर पालकांनी नम्रपणे पण ठामपणे थांबावे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तुरटी, चुना, जडीबुटीची पूड असले काही नाकात भरण्याचा प्रयोगही करू नये.

निदान कसे करतात?

प्रथम नाकाला बधिर करणारे औषध लावून बारीक दुर्बिणीतून आत पाहतात. नाकाच्या मागे गुळगुळीत, लालसर, कधी निळसर झाक असलेली गाठ दिसते. तिला बोटाने चाचपत नाहीत.

त्यानंतर शिरेतून औषध देऊन सी.टी. स्कॅन करतात. गाठीत रक्त भरपूर असल्याने हे औषध तिच्यात लगेच भरते आणि ती उजळ दिसते. हाड कोठे ढकलले गेले, कोठे झिजले हेही त्यात कळते. गालाच्या सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली दिसणे ही या गाठीची जुनी खूण आहे. होलमन आणि मिलर या डॉक्टरांनी १९६५ मध्ये ती वर्णन केली. त्या काळी स्कॅन नव्हते, साध्या एक्स-रेवरच ती पाहिली जाई. गाठ डोळ्याकडे किंवा मेंदूकडे गेली असल्यास एम.आर.आय. तपासणी अधिक उपयोगी पडते, कारण मऊ भाग तीत नीट दिसतात आणि सायनसमध्ये नुसता शेंबूड साचला आहे की गाठ आहे, हेही ओळखता येते.

या सर्वांवरून गाठीची पायरी ठरवतात. नाकापुरती आहे, शेजारच्या फटीत गेली आहे, की मेंदूच्या तळाशी पोहोचली आहे, यावर पुढचे उपचार अवलंबून असतात.

उपचार : आधी रक्त तोडायचे, मग गाठ काढायची

या गाठीवरचा मुख्य उपचार शस्त्रक्रियाच आहे. पूर्वी त्यासाठी नाकाच्या कडेने चेहऱ्यावर छेद घ्यावा लागे किंवा टाळूतून वाट काढावी लागे आणि रक्तही फार जाई. गेल्या काही दशकांत दोन गोष्टींनी हे चित्र बदलले.

पहिली गोष्ट म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा आधीच बंद करणे. शस्त्रक्रियेच्या एक ते तीन दिवस आधी जांघेतील रोहिणीतून एक बारीक नळी आत सरकवतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती गाठीला रक्त देणाऱ्या शाखेपर्यंत नेतात. तेथे वाळूच्या कणांहून बारीक कण सोडतात. कण वाहिनीत अडकतात आणि गाठीचे रक्त तुटते. शेताचा पाट बांधावरच अडवावा तसे हे आहे. फार दिवस गेले तर गाठ दुसरीकडून रक्त मिळवू लागते, म्हणून शस्त्रक्रिया लगेच उरकतात. या प्रक्रियेनंतर गालात दुखणे, थोडा ताप असा त्रास होतो. एखादा कण भलत्या वाहिनीत जाऊन डोळ्याला किंवा मेंदूला इजा होण्याचा धोका क्वचित असतो. म्हणून हे काम अनुभवी हातांनीच करावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया. रुग्णाला पूर्ण भूल देऊन नाकपुडीतूनच दुर्बीण आणि हत्यारे आत नेतात आणि गाठ मुळासकट सोडवून काढतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही, रक्त कमी जाते आणि वाढत्या वयाच्या मुलाच्या चेहऱ्याची हाडे शाबूत राहतात. लहान आणि मध्यम गाठींसाठी आता हीच पद्धत रूढ आहे. फार पसरलेल्या गाठींसाठी ओठाच्या आतून किंवा बाहेरून वाट काढावी लागते, कधी मेंदूच्या शल्यविशारदाची मदत घ्यावी लागते. रक्ताच्या बाटल्या मात्र प्रत्येक वेळी तयार ठेवतात. त्यासाठी नातेवाईकांना रक्तदान करण्यास सांगितले तर कुरकूर करू नये.

मेंदूजवळचा भाग सुरक्षितपणे काढता येत नसेल तर काही रुग्णांना किरणोपचार देतात. लहान वयात दिलेल्या किरणांमुळे पुढे अनेक वर्षांनी त्या भागात कर्करोग होण्याचा धोका वाढतो, म्हणून हा पहिला उपाय नव्हे. पुरुषी संप्रेरकाचा परिणाम अडवणारी औषधे देऊन मोठी गाठ शस्त्रक्रियेपूर्वी थोडी लहान करण्याचे प्रयोग झाले आहेत, पण नुसत्या गोळ्यांनी गाठ बरी होत नाही.

शस्त्रक्रियेनंतर

नाकात घातलेली पट्टी डॉक्टर सांगतील तेव्हा काढतात. पुढचे काही आठवडे जोराने नाक शिंकरू नये, जड वजन उचलू नये, मैदानी खेळ खेळू नयेत. मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगतात ते नियमाने करावे, म्हणजे खपल्या साचत नाहीत. पाणी उकळून गार केलेले असावे.

गाठीचा एखादा भाग मागच्या हाडाच्या खाचेत राहून गेला तर ती पुन्हा वाढते. असे झाल्यास बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच दिसून येते. त्यासाठी ठरल्या वेळी दुर्बिणीने तपासणी आणि एम.आर.आय. करावे लागते. मुलगा ठणठणीत दिसतो, शाळेत जातो, मग परत कशाला जायचे, असा विचार करून अनेक जण तपासणीला जात नाहीत. लहान असताना सापडलेला उरलेला भाग पुन्हा काढता येतो, हे लक्षात ठेवावे.

घोळणा फुटल्यास घरी काय करावे?

रुग्णाला बसवावे, आडवे करू नये. मान पुढे झुकवावी. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते आणि किती गेले ते कळत नाही. हाडाच्या खालचा नाकाचा मऊ भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घट्ट धरावा आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटे सोडू नये. दर मिनिटाला सोडून पाहिले तर रक्त थांबत नाही. तोंडाने श्वास घ्यावा, तोंडात आलेले रक्त थुंकावे. वीस-तीस मिनिटांत रक्त थांबले नाही, घशात रक्त वाहत राहिले, रुग्णाला चक्कर आली किंवा घाम फुटला तर तडक रुग्णालय गाठावे. मोठ्या माणसाने रक्तदाब तपासून घ्यावा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे.

वाचकांना पडणारे प्रश्न

वय वाढल्यावर ही गाठ आपोआप जिरते का?
वयात आल्यानंतर गाठीची वाढ मंदावल्याची, काहींत ती आकसल्याचीही उदाहरणे आहेत. पण त्या भरवशावर वाट पाहणे धोक्याचे आहे. तोवर रक्तस्राव होत राहतो आणि गाठ डोळ्याकडे सरकू शकते.

गरोदर बाईच्या नाकात लाल गाठ आली तर?
ती बहुधा पहिल्या प्रकारची असते. रक्त आटोक्यात राहत असेल तर बाळंतपणापर्यंत थांबतात, कारण नंतर अनेकदा ती आपोआप लहान होते. रक्त फार जात असेल तर ती जागा बधिर करून गाठ काढता येते. तज्ज्ञाला दाखवणे मात्र आवश्यक आहे.

तान्ह्या बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर लाल फुगीर डाग आहे, तोही असाच का?
तो रक्तवाहिन्यांचाच असतो, पण त्याची जात वेगळी. तो पहिल्या वर्षात वाढतो आणि पुढे हळूहळू ओसरतो. फार वाढत असेल तर प्रोप्रॅनोलॉल हे औषध देतात. त्याचा हा गुण २००८ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी प्रथम प्रसिद्ध केला. बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ते द्यावे.

इतका खर्च कसा झेपणार?
शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्यांना भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते आधीच विचारून घ्यावे.

घरात दहा ते वीस वर्षांचा मुलगा असेल, त्याची एकच नाकपुडी महिनाभराहून अधिक काळ बंद असेल आणि तिच्यातून दोनदा जरी घोळणा फुटला असेल, तर पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. बहुतेक मुलांत कारण किरकोळच निघेल. ज्या एखाद्या मुलात गाठ निघेल, त्याच्यासाठी लवकर गेलेला तो एक दिवस फार मोलाचा ठरेल.